उरलेलें कोणाचें?

पिकांपासून मोटारींचें इंधन काढण्याचा जो मोठा उद्योग आपल्या देशांत चालू आहे, त्याविषयीं नीतीच्या दृष्टीनें विचार करणें आतां अवश्य झालें आहे. २०१४ सालीं देशांतील पेट्रोलमध्यें इथेनॉलचें प्रमाण शेंकडा दोनहूनहि कमी होतें. २०२२ च्या जून महिन्यांत तें शेंकडा १० झालें, आणि २०२५ सालीं तें शेंकडा २० वर पोहोंचल्याचें सरकारनें जाहीर केलें. हें शेवटचें उद्दिष्ट प्रथम २०३० सालासाठीं ठरविलेलें होतें. याचा अर्थ असा कीं, तालुक्याच्या गांवीं जाणारा मनुष्य आपल्या मोटारसायकलींत जें पेट्रोल भरतो, त्याच्या पांच भागांपैकीं एक भाग आतां शेतांतून येतो. तो ऊंस, मका किंवा तांदूळ यांपासून काढलेला मद्यार्क असतो. शेताचें पीक जेव्हां यंत्राच्या पोटांत जाऊं लागतें, तेव्हां तो प्रश्न केवळ कारखानदारांचा राहत नाहीं. तो शेतकऱ्याचा होतो, मजुराचा होतो, आणि ही भूमि देवाची असून आपण तिचे केवळ कारभारी आहों असें मानणाऱ्या प्रत्येक मंडळीचा होतो.

ही कल्पना नवी नाहीं. रुडॉल्फ डीझेल याच्या नांवानें जें इंजिन प्रसिद्ध आहे, तें १९०० सालच्या पॅरिस येथील प्रदर्शनांत भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखविण्यांत आलें होतें. मद्यार्काचा इंधन म्हणून उपयोग करण्याविषयींचा कायदा आपल्या देशांत १९४८ सालींच झाला. पुढें २००१ सालीं पेट्रोलमध्यें इथेनॉल मिसळण्याचे जे प्रयोग झाले, त्यांपैकीं दोन महाराष्ट्रांतच, मिरज व मनमाड येथें झाले, व तिसरा उत्तर प्रदेशांत बरेलीकडे झाला. तथापि पूर्वीं हें इंधन बहुतेक मळीपासून निघे, म्हणजे साखर काढून झाल्यावर जें राहतें त्यापासून. २०१८ सालच्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणानें उसाचा रस व धान्य यांनाहि वाट मोकळी करून दिली. तेव्हांपासून प्रश्नाचें स्वरूप पालटलें.

या उद्योगाच्या बाजूनें जें सांगण्यांत येतें तें खोटें नाहीं, व तें प्रथम प्रामाणिकपणें मांडलें पाहिजे. आपणांस लागणाऱ्या खनिज तेलापैकीं शेंकडा ८५ हून अधिक परदेशांतून आणावें लागतें; त्यासाठीं जाणारा पैसा कांहीं अंशीं तरी आपल्या शेतकऱ्याच्या हातीं पडावा, ही इच्छा योग्य आहे. साखरेचा भाव पडला म्हणजे कारखान्यांकडे उसाचीं बिलें थकत, आणि शेतकरी सावकाराच्या दारीं जाई. इथेनॉलच्या विक्रीमुळें कारखान्यांस लवकर पैसा मिळूं लागला व बिलें देण्यास आधार झाला. मक्यास मागणी वाढली, तेव्हां कोरडवाहू शेतकऱ्यासहि बरा भाव मिळाला. खनिज तेल जाळल्यानें हवा तापते व ऋतु बिघडतात, आणि त्याची झळ पावसावर जगणाऱ्यास प्रथम लागते, हेंहि खरें आहे. यास्तव जो कोणी या उद्योगास सरसकट पाप म्हणेल, तो घाईनें बोलेल.

परंतु या सर्व युक्तिवादाचा पाया एका शब्दावर आहे, आणि त्या शब्दाकडे फारसें कोणी निरखून पाहत नाहीं. तो शब्द 'जास्तीचें' हा होय. असें सांगतात कीं, कोणाच्या ताटांतलें काढून टाकींत घालण्यांत येत नाहीं. जें धान्य जास्तीचें आहे, जी साखर जास्तीची आहे, जी जमीन पडीक आहे, तेवढीच वापरण्यांत येते. आमचा प्रश्न इतकाच आहे कीं, जास्तीचें म्हणजे काय? कोणाची गरज भागल्यावर जें उरतें त्यास जास्तीचें म्हणावयाचें? ज्याच्या हातांत पैसा आहे त्याची भागल्यावर, कीं ज्याच्या हातांत कांहीं नाहीं त्याचीहि भागल्यावर? या दोहोंमध्यें फार मोठें अंतर आहे.

प्रथम धान्य घेऊं. नीति आयोगानें २०२१ सालीं जो आराखडा प्रसिद्ध केला, त्याप्रमाणें एक टन तांदळापासून सुमारें ४५० लिटर, आणि एक टन मक्यापासून सुमारें ३८० लिटर इथेनॉल निघतें. आतां एका मोटारसायकलीच्या टाकींत दहा लिटर पेट्रोल मावतें असें धरा. त्यांत दोन लिटर इथेनॉल असतें. तें तांदळाचें असेल तर त्यासाठीं जवळजवळ साडेचार किलो तांदूळ लागला. मक्याचें असेल तर सव्वापांच किलो मका लागला. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानें शिधापत्रिकेवर गरीब कुटुंबांतील एका माणसामागें महिन्यास पांच किलो धान्य मिळतें. म्हणजे एकदां टाकी भरली, कीं एका माणसाच्या महिन्याच्या शिध्याइतकें धान्य खर्चीं पडलें. धान्याचा जो चोथा राहतो, वजनानें सुमारें तृतीयांश, तो गुराढोरांच्या व कोंबड्यांच्या खाद्यास उपयोगी पडतो, हें सांगणें न्यायाचें आहे. तरी बाकीचें परत येत नाहीं. टाकी भरणारा मनुष्य दुष्ट नाहीं. तो मजुरीस जात असेल, आजाऱ्यास दवाखान्यांत नेत असेल, किंवा उपासनेसहि जात असेल. पण हा हिशेब त्याच्या डोळ्यांपुढें असावा, इतकेंच आमचें म्हणणें आहे.

सरकारी कोठारांत तांदूळ जास्तीचा आहे, सबब तो इथेनॉलसाठीं द्यावा, असा निर्णय २०२० च्या एप्रिलमध्यें झाला. त्यापासून हातांस लावण्याचें जंतुनाशकहि करावयाचें होतें. तो महामारीचा काळ होता. त्याच दिवसांत शहरांतील काम गेलेले मजूर बायकामुलांसह शेंकडों मैल पायीं आपल्या गांवाकडे चालत होते. सरकारनें त्या काळीं शिधापत्रिकेवर जादा धान्य फुकट दिलें, आणि त्यामुळें पुष्कळांच्या चुली पेटत्या राहिल्या, हें विसरतां येत नाहीं. परंतु ज्यांच्याजवळ त्या ठिकाणची शिधापत्रिका नव्हती, त्यांच्या दृष्टीनें कोठारांतील तांदूळ जास्तीचा नव्हता. तो त्यांच्यापर्यंत पोहोंचला नव्हता, एवढेंच. पुढें २०२३ च्या जुलैमध्यें, तांदळाचा भाव चढूं लागतांच, कोठारांतून इथेनॉलसाठीं तांदूळ देणें बंद करण्यांत आलें. आणि साठा पुन्हां वाढल्यावर २०२४-२५ च्या हंगामासाठीं सुमारें ५२ लाख टन तांदूळ देण्याचें ठरलें. कोठार भरलें कीं जास्तीचें, रिकामें झालें कीं कमी, हें माप कोठाराचें आहे, पोटाचें नाहीं. पोटाचें माप घ्यावयाचें तर २०१९-२१ ची राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी सांगते कीं, पांच वर्षांखालील मुलांपैकीं शेंकडा ३५ हून अधिक मुलें वयाच्या मानानें उंचींत खुंटलेलीं होतीं. हें दुखणें केवळ तांदळानें बरें होणारें नाहीं. त्यास डाळ, दूध, अंडीं व स्वच्छ पाणी पाहिजे. पण मका यंत्रास जाऊं लागला म्हणजे कोंबड्यांचें खाद्य महागतें, आणि अंडें गरिबाच्या ताटापासून आणखी दूर जातें. जो देश मका बाहेर विकीत असे, त्यास २०२४ सालीं मका बाहेरून आणावा लागला.

असें दुसरीकडेहि घडलेलें आहे. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत २००५ व २००७ च्या कायद्यांनीं पेट्रोलमध्यें जैवइंधन मिसळणें भाग पाडलें, आणि पुढें तेथील मक्याच्या पिकाचा तिसऱ्या हिश्शाहून अधिक भाग इथेनॉलकडे जाऊं लागला. शेजारच्या मेक्सिको देशांत मक्याची भाकरी हेंच गरिबाचें अन्न आहे. २००७ च्या आरंभीं तेथें मक्याचा भाव एकदम चढला, आणि हजारों लोक राजधानीच्या रस्त्यांत उतरले. त्या महागाईस साठेबाजी वगैरे दुसरींहि कारणें होतीं. परंतु अमेरिकेंतील वाढती मागणी हें एक कारण होतें याविषयीं फारसा वाद नाहीं. एका देशाची मोटार आणि दुसऱ्या देशाची भाकरी एकाच बाजारांत उभ्या राहिल्या म्हणजे बोली कोण जिंकतो, हें सांगावयास नको. भूक कितीहि मोठी असली तरी तिच्याजवळ बोली लावण्यास पैसा नसतो.

दुसरी गोष्ट जमिनीची. २००३ च्या सुमारास मोगली एरंडाच्या बियांपासून डीझेल काढण्याची मोठी आशा देशांत पसरली होती. हें झाड खडकाळ रानांत वाढतें, शेळ्या तें खात नाहींत, त्यास पाणीहि फारसें नको, म्हणून पडीक जमिनीवर तें लावावें असें ठरलें; छत्तीसगडांत त्याची फारच मोठी लागवड झाली. पण कोरड्या रानांत बी थोडें धरलें, आणि ती आशा विरून गेली. त्या प्रयोगानें एक धडा मात्र शिकविला. कागदावर जी जमीन पडीक असते, ती बहुधा कोणाच्या तरी पोटाची असते. तेथें भूमिहीनाची शेळी चरते, तेथें विधवा सरपण वेंचते. मराठवाड्यांतील गायरानांची हकीकत आमच्या वाचकांस नव्यानें सांगावयास नको. ज्यांच्या बापजाद्यांचें नांव सातबाऱ्यावर कधीं चढलें नाहीं, अशा कितीएक कुटुंबांनीं गायरानाचा तुकडा कसून आपलीं लेंकरें वाढविलीं आहेत. ज्या झाडास शेळी तोंड लावीत नाहीं, तें लावणारास सोयीचें असेल, शेळीवाल्यास नव्हे.

तिसरी गोष्ट पाण्याची. नीति आयोगाच्या त्याच आराखड्यांत असा हिशेब दिला आहे कीं, उसाच्या साखरेपासून एक लिटर इथेनॉल होण्यास सुमारें २,८६० लिटर पाणी लागतें. म्हणजे वर सांगितलेल्या टाकींतील दोन लिटरांमागें जवळजवळ ५,७०० लिटर पाणी झालें. जेथें नदी बारमाही आहे तेथें हें कदाचित् सोसेल. परंतु ज्या मिरजेचें नांव मिशन दवाखान्यामुळें आमच्या घरोघरीं ठाऊक आहे, आणि जेथें २००१ चा प्रयोग झाला, त्याच मिरजेहून २०१६ च्या एप्रिलमध्यें तीनशेंहून अधिक किलोमीटर दूर असलेल्या लातूरास रेल्वेनें पिण्याचें पाणी न्यावें लागलें. आणि त्याच मराठवाड्यांत ऊंसहि होता व साखर कारखानेहि होते. विहिरींत जें पाणी उरतें तें खोल नळीवाल्याचें, कीं हंडा घेऊन रांगेंत उभ्या राहिलेल्या स्त्रीचें? पुढें २०२३ सालीं पावसानें ओढ दिली, तेव्हां डिसेंबरांत उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यास सरकारला बंदी करावी लागली, आणि थोड्याच दिवसांत ती मर्यादा घालून सैल करावी लागली. तेलाच्या विहिरीवर अवलंबून राहणें नको म्हणून आपण पावसावर अवलंबून राहिलों, हेंहि ध्यानांत ठेविलें पाहिजे.

चौथी गोष्ट हातांची, आणि ती आम्हांस सर्वांत जवळची आहे. ऊंस आपण होऊन कारखान्यांत जात नाहीं. बीड, अहिल्यानगर व आसपासच्या जिल्ह्यांतून दरवर्षीं लक्षावधि माणसें मुकादमाकडून उचल घेऊन ऊसतोडीस जातात. नवराबायको मिळून एक कोयता धरला जातो. आमच्या मंडळ्यांतील जीं कुटुंबें त्यांत असतात, त्यांचा नाताळ कोपींत होतो, आणि गांवांतील मंदिरांत त्यांच्या जागा फाल्गुन-चैत्रापर्यंत रिकाम्या राहतात. एक दिवस काम चुकलें कीं खाडा पडतो व उचलींतून पैसे कापले जातात. या धाकानें स्त्रियांवर काय ओढवतें हें २०१९ सालीं महाराष्ट्रासमोर आलें. बीड जिल्ह्यांतील ऊसतोड करणाऱ्या पुष्कळ स्त्रियांचीं गर्भाशयें तरुण वयांतच काढण्यांत आल्याचें उघडकीस येऊन सरकारला चौकशी समिति नेमावी लागली. शेतकऱ्यास भाव, कारखान्यास नफा, देशास परकीय चलनाची बचत, हे सर्व लाभ मोजतांना उसाच्या मुळाशीं वांकलेल्या या बाईच्या पदरांत काय पडलें, हें मोजलें नाहीं, तर तो हिशेब अपुरा आहे. रसास नवें गिऱ्हाईक मिळालें. पण कोयत्याच्या मजुरीचा प्रश्न आपोआप सुटला नाहीं.

येथें कोणी विचारील, "धान्य कोठारांत कुजूं द्यावें काय? भुकेचें कारण धान्य कमी आहे हें नसून वांटप बरोबर नाहीं हें आहे. मग इथेनॉल बंद केल्यानें भुकेल्याच्या घरीं तें थोडेंच पोहोंचणार आहे?" हा प्रश्न विचार करण्याजोगा आहे. कुजूं देण्यापेक्षां जाळणें बरें, हें आम्हांस मान्य आहे. परंतु वांटपाचा दोष दाखवून वांटपाचें काम सोडून देणें, हा न्याय नव्हे. कोठारांतील धान्यास जोंपर्यंत दुसरें गिऱ्हाईक नसतें, तोंपर्यंत तें गरिबाकडे नेण्याची निकड सरकारला व समाजाला वाटत राहते. कारखान्याचें द्वार एकदां उघडलें, कीं तीच निकड हळूहळू निजते. आणि कारखाने उभे राहिल्यावर ते दरवर्षीं माल मागतात. ज्या वर्षीं खरोखर जास्तीचें नसतें त्या वर्षींहि मागतात.

मोशेच्या नियमशास्त्रांत या 'उरलेल्या' विषयीं स्पष्ट व्यवस्था आहे. कापणीच्या वेळीं शेताचा कोनाकोपरा साफ कापून नेऊं नये, गळलेलें पुन्हां वेंचूं नये; तो सरवा गरिबाचा व परक्याचा होय. हें दान नव्हे, हें लक्षांत घ्यावें. मालकानें मेहेरबानी करून द्यावयाचें तें नव्हतें. त्यास तें घेण्याचाच अधिकार नव्हता. रूथ बवाजाच्या शेतांत गेली ती भीक मागावयास गेली नव्हती. तिच्या वाट्याचें जें देवानें राखून ठेविलें होतें तें वेंचावयास ती गेली होती. म्हणजे उरलेल्यावर पहिला हक्क कोणाचा, हा प्रश्न पवित्र शास्त्रानें उघडा ठेविलेला नाहीं. आणि आपल्या प्रभूनें पांच हजारांस जेवूं घातलें, तेव्हां उरलेले तुकडे गोळा करावयास त्यानें सांगितलें, कांहीं फुकट जाऊं दिलें नाहीं. बारा टोपल्या भरल्या. काटकसर ही त्याची इच्छा आहे, यांत शंका नाहीं. परंतु त्या टोपल्या केव्हां भरल्या? सर्व लोक जेवून तृप्त झाल्यावर. रानांत जे दूर बसले होते, तेहि जेवल्यावर. आधीं टोपल्या व मग पंगत, असा तो क्रम नव्हता. ख्रिस्ती मनुष्यास 'जास्तीचें' या शब्दाचा अर्थ येथें शिकावयाचा आहे. आधीं माणूस, मग त्याचें जनावर, मग जमिनीचें देणें, आणि त्यानंतर यंत्र, हा क्रम पाळला तर इंधनाचा हा उद्योग आशीर्वाद होऊं शकेल. उलटला तर शाप होईल.

हा क्रम पाळून करतां येण्याजोगें पुष्कळ आहे, हें आम्ही आनंदानें सांगतों. साखर काढल्यावर राहिलेली मळी, माणसाच्या खाण्यास निरुपयोगी झालेलें धान्य, शेण व गांवचा ओला कचरा, भाताचा पेंढा, यांपासून इंधन काढण्यांत कोणाचा घांस जात नाहीं. पानिपत येथें २०२२ सालीं भाताच्या पेंढ्यापासून इथेनॉल काढण्याचा कारखाना सुरू झाला; जो पेंढा शेतांत जाळल्यानें उत्तरेकडील हवा विषारी होते, त्याचा असा उपयोग होणें इष्टच आहे. मात्र येथेंहि डोळे उघडे असावेत. उसाचे वाढे तोडणाऱ्याच्या बैलांस लागतात, पाचट जमिनीस लागतें, कडबा गाईस लागतो. शेतांत ज्यास आपण कचरा म्हणतों, त्यावरहि कोणीतरी जगत असतें. त्यास विचारल्यावांचून तें उचलूं नये.

एक गोष्ट दारूबंदीसाठीं झटणाऱ्या आमच्या बंधुभगिनींकरितां. इथेनॉल म्हणजे दारूंतला मद्यार्कच होय. तो पिण्याऐवजीं इंजिनांत जळाला तर घरें उध्वस्त होण्याचें टळेल, हें खरें. पण गांवाजवळ भट्टी वाढली म्हणजे तिच्यांतील माल आडवाटेनें कोठें जातो, याजवर मंडळीनें नजर ठेवावी.

मग आमच्या खेड्यांतील मंडळ्यांनीं काय करावें? देशाचें धोरण ठरविणें आपल्या हातीं नाहीं; तरी आपल्या हातीं कांहींच नाहीं असें नाहीं. ग्रामसभेंत गायरान कोणास द्यावयाचें हा प्रश्न निघेल तेव्हां गैरहजर राहूं नये, आणि शेळीवाल्याच्या वतीनें बोलावें. गांवांत कोणाची शिधापत्रिका अडली आहे, कोणाचें नांव तिच्यांतून गळलें आहे, याची चौकशी पाळक व वडील यांनीं करावी. कारण ज्या घरचें धान्य कोठारांतच राहतें, त्याच घरचें उद्यां 'जास्तीचें' ठरतें. ज्यांच्या शेतांत ऊंस आहे त्यांनीं आपल्या उसाचा पैसा मोजतांना तो तोडणाऱ्यांस पाणी, आडोसा व विसावा मिळाला कीं नाहीं हें पाहावें. ज्यांस पाणी थोडें आहे त्यांनीं शेजाऱ्याच्या विहिरीचा विचार करून पीक निवडावें. आणि ज्यांजवळ मोटारसायकल आहे त्यांनीं, जेथें पायीं जातां येतें तेथें पायीं जावें. शिध्याचा हिशेब ज्यानें एकदां ऐकला, त्यास तें जड वाटूं नये.

उरलेलें कोणाचें, याचें उत्तर बाजार रोज देत असतो, आणि त्याच्या उत्तरांत ज्यांच्याजवळ पैसा नाहीं त्यांचें नांव नसतें. तें नांव त्या उत्तरांत घालणें हें मंडळीचें काम आहे. देव आम्हां सर्वांस या कारभारांत विश्वासू राहण्यास कृपा देवो.